झाडछाटणीसाठी रेसिप्रो सॉचं टिकाऊ पातं कोणतं?

जांभा
रत्नागिरी तालुक्यात जुन्या हापूस कलमांच्या छाटणीची कामं घेतो. आम्ही चौघं आहोत. चाळीस-पन्नास वर्षांची कलमं, शेंडे आभाळात, आत ऊन शिरत नाही, झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) पोचत नाही. अशी झाडं खाली आणायची आणि मधली गर्दी काढायची, हे आमचं मुख्य काम. जाड फांद्यांना चेनसॉ आहे. दोन इंचांपासून पाच-सहा इंचांपर्यंतच्या फांद्यांसाठी दोन वर्षांपूर्वी १८ व्होल्टचा रेसिप्रो सॉ (पातं पुढे-मागे चालणारी बॅटरीची करवत) घेतला, कारण शिडीवर उभ्या असलेल्या पोराच्या हातात चेनसॉ द्यायला माझं मन होत नाही.

मशीन उत्तम आहे. पाती टिकत नाहीत. गेल्या आठवड्यात तीन कलमांत पाच पाती गेली. दोन बोथट झाली, एक वाकलं, दोन क्लॅम्पपाशी (मशीन पातं पकडतं तिथे) तुटली. दुकानदार म्हणतो, महागातलं घ्या. महागातलं म्हणजे कुठलं, ते त्यालाही सांगता येत नाही. ओल्या लाकडाला टिकणारं पातं रोजच्या कामात कोण वापरतंय?

चढाऊ
आत्ता कुठलं वापरताय? पात्यावर काय छापलंय ते लिहा.

जांभा
६ इंची, १० टीपीआय, बायमेटल. पाकिटावर लाकूड आणि लोखंड दोन्हींचं चित्र आहे.

पेठेतला_लोखंडवाला
मग पात्याचा दोष नाही. चुकीच्या कामाला जुंपलंय त्याला.

टीपीआय म्हणजे एका इंचात किती दाते. दोन दात्यांच्या मधली खाच भुसा वाहून नेण्यासाठी असते. १० टीपीआयला ती खाच बारकी असते. कोरड्या फळीला चालते, कारण भुसा पिठासारखा पडतो. ओल्या फांदीचा भुसा लांब, चिकट, दोऱ्यासारखा निघतो. तो खाचेत ठासून बसला की दात लाकडाला लागतच नाही, पातं नुसतं घासतं. घासलं की तापतं. त्यात आंब्याचा चीक, तो भाजून पात्यावर लाखेसारखा चढतो.

एक करून बघा. टाकून दिलेलं पातं रॉकेलनं स्वच्छ पुसा आणि दातांची टोकं उन्हात धरा. निळसर किंवा तपकिरी झाक दिसली तर ते भाजलंय. रंग येण्याइतकं तापलेल्या साध्या पोलादाचं पाणी उतरलेलं असतं, त्याला पुन्हा धार टिकत नाही.

ओल्या लाकडाला ३ ते ५ टीपीआय घ्या, छाटणीचं म्हणून वेगळं मिळतं. आधी दाते बदला, पोलादाचं नंतर बघू.

नानाकाका_संगमेश्वर
आमच्या वाडवडिलांनी कोयत्यावर बागा उभ्या केल्या. चार इंचाच्या फांदीला मशीन कशाला लागतं? कोयता दगडावर घासला की झाला नवा. पातं संपायचा प्रश्नच नाही.

चढाऊ
काका, दीड इंचापर्यंत तुमचं शंभर टक्के मान्य. त्यावर गेलं की कोयत्याला पाच-सात घाव लागतात, आणि शेवटच्या घावाला साल खाली फाटत जाते. ती फाटलेली साल म्हणजे खोडकिड्याला आवतण.

नानाकाका_संगमेश्वर
साल फाटते ती घाव घालणाऱ्यामुळे. पण खोडकिड्याचं म्हणतोस ते खरं आहे. आमची दोन कलमं त्यानंच गेली. बुंध्याशी भुसा पडलेला दिसेपर्यंत आत पोखरून झालं होतं.

सायली_एम
@पेठेतला_लोखंडवाला, बायमेटल, कार्बन स्टील, कार्बाइड यातला फरक पण सांगा ना. दुकानात विचारलं की फक्त किंमत सांगतात.

पेठेतला_लोखंडवाला
सांगतो.

कार्बन स्टील (पाकिटावर एचसीएस लिहितात): अख्खं पातं एकाच पोलादाचं. स्वस्त, लवचिक, आणि दाते घासून तासलेले असतील तर नवं असताना ओल्या लाकडात लोण्यासारखं जातं. एक खिळा लागला की खेळ खलास.

बायमेटल: पाठ लवचिक पोलादाची आणि दातांची पट्टी हायस्पीड स्टीलची, वेल्डिंगनं जोडलेली. चांगल्या पात्यात या पट्टीत ८ टक्के कोबाल्ट असतं. हायस्पीड स्टीलचा गुण असा की तापलं तरी धार लवकर सोडत नाही. चुकून तार लागली तरी निभावतं.

कार्बाइड: प्रत्येक दाताच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा. सगळ्यांत जास्त टिकतं आणि सगळ्यांत महाग. पण कार्बाइडला पोलादाइतकी वस्तऱ्यासारखी धार देता येत नाही, दिली तर कडा टवके जाऊन उडते. म्हणून मऊ ओल्या फांदीत पहिल्या दिवशी साधं कार्बन स्टीलचं छाटणीचं पातं कार्बाइडच्या पुढे पळतं. लोकांना हे पटत नाही, कारण महाग म्हणजे जलद असं गृहीत धरलेलं असतं.

रस्त्यावरची_झाडं
इथे मी वेगळं बोलणार. पुण्यात सोसायट्यांची आणि रस्त्याकडेची छाटणीची कामं करतो. आमच्याकडे कार्बाइडशिवाय इलाज नाही.

शहरातलं झाड म्हणजे अर्धं लोखंड. फ्लेक्सचे खिळे, केबलवाल्यांच्या तारा, दिवाळीच्या माळांचे हूक, आणि कुणी तरी पंधरा वर्षांपूर्वी लावलेली आणि काढायची राहून गेलेली ट्री गार्डची सळई. सगळं झाडानं पोटात घेतलेलं. मागे एका रेन ट्रीच्या फांदीत अख्खी सायकलची चेन निघाली, कुणी तरी तिथे सायकल बांधत असणार. साधी पाती वापरत होतो तेव्हा एका खिळ्याला एक पातं असा हिशेब पडायचा. कार्बाइडचं ५ टीपीआय लावल्यापासून खिळा लागला तरी आवाज बदलतो, पातं जात नाही.

एक खूण सगळ्यांना उपयोगी पडेल. बाभूळ, चिंच अशा टॅनिनवाल्या झाडात लोखंड असेल तर आजूबाजूचं लाकूड निळं-काळं पडतं. कापताना भुश्याचा रंग एकदम काळपट झाला की मशीन थांबवा. साल एका ठिकाणी विनाकारण फुगलेली दिसली तरी शंका घ्यायची.

आणि शहरातल्या मंडळींनी लक्षात ठेवा, १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. झाड आपल्या कंपाउंडात असलं तरी आधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी, मग पातं.

जांभा
कुंपणाकडेच्या कलमांना आमच्याकडेही काटेरी तार गिळलेली सापडते. बाकी बागेत लोखंड नाही. म्हणजे मला सरसकट कार्बाइड नको, बरोबर?

पेठेतला_लोखंडवाला
बरोबर. कुंपणासाठी दोन ठेवा, बाकी छाटणीची साधी.

डाळिंबताई
सांगोल्याहून. आमचा प्रश्न उलटा आहे. पातं बोथट व्हायच्या आधीच गंजतं.

डाळिंबावर तेल्या रोग असला की एका झाडाची हत्यारं दुसऱ्या झाडाला लावायची नाहीत, निर्जंतुक करूनच लावायची. तो जिवाणू कापलेल्या जागेतून शिरतो. आम्ही सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी बादलीत ठेवतो. त्यानं काम होतं, पण पातं संध्याकाळी तसंच ठेवलं तर सकाळी तांबडं. पहिल्या वर्षी डझनभर पाती अशीच घालवली आणि दोष पात्यांना दिला. आता दोन पाती आळीपाळीनं वापरतो, एक बादलीत आणि एक मशीनला. काम संपलं की साध्या पाण्यानं धुवायची, उन्हात वाळवायची आणि तेलाचा हात फिरवायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण दमलेल्या माणसाला तेच जड जातं, म्हणून ते माझ्याकडे घेतलंय.

बागायतदारांनी मला फॅन्सी पाती सुचवू नयेत, रोग असलेल्या बागेत पातं कितीही भारी असलं तरी बादलीतच जाणार आहे.

सायली_एम
ताई, स्पिरिट का नाही वापरत?

डाळिंबताई
कात्रीला वापरते. पात्याला चीक आणि भुसा चिकटलेला असतो, तो आधी घासून काढला नाही तर स्पिरिट वरवर जातं. आणि तापलेल्या पात्यावर स्पिरिट मारायचं नाही. पेट घेतं.

हडसनकाठचा_आर्बरिस्ट
न्यू जर्सीत झाडांचं काम करतो, मूळचा चिपळूणचा. दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

पहिली, पाती तुटण्याबद्दल. जांभाभाऊ, तुमचं पातं ६ इंची. त्यातला इंच-दीड इंच क्लॅम्प आणि बुटात जातो (बूट म्हणजे मशीनच्या तोंडाशी असलेली लोखंडी पट्टी). शिवाय या मशीनचा स्ट्रोक साधारण २८ ते ३२ मिमी, म्हणजे पातं तेवढं मागे येतं. आता पाच इंची फांदी घ्या. पातं मागे आलं की टोक लाकडाच्या आत अडकतं, पुढे जाताना भिंतीवर डोकं आपटावं तसं लाकडावर आपटतं. मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा. वाकणार नाहीतर क्लॅम्पपाशी तुटणार. टोक सदैव फांदीच्या पलीकडे बाहेर दिसलं पाहिजे. तुमच्या फांद्यांना ९ इंची घ्या. १२ इंची मोह होईल, पण लांब पातं शेपटीसारखं हलतं आणि टोक शेजारच्या फांदीला लागलं की मशीन अंगावर उसळतं.

दुसरी, बूट फांदीला घट्ट टेकवलाय का? अधांतरी धरलं की पातं कापत नाही, फांदी हलवतं. नव्या मुलांची अर्धी पाती यातच जातात.

जांभा
बूट टेकवत नव्हतो. खरं सांगतो, त्याचा उपयोग काय हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आज संध्याकाळी पोरांना घेऊन बसतो.

चढाऊ
आणखी एक. पातं उलटं लावता येतं, दाते वर करून. फांदीला खालून पहिली खाच द्यायची तर हात पिळवटावा लागत नाही.

हडसनकाठचा_आर्बरिस्ट
खालच्या खाचेचा विषय निघालाच आहे तर पूर्ण सांगतो, कारण पातं अडकण्याचं मोठं कारण तेच. वजनदार फांदी वरून कापत गेलात की ती खाली झुकते, साल सोलत खोडापर्यंत नेते, नाहीतर वाकडी होऊन पातं चिमटीत धरते. खोडापासून फूटभर लांब खालून एक-तृतीयांश खाच द्या. मग तिच्या थोडं पुढे, टोकाच्या बाजूनं, वरून कापा. फांदी मोकळी पडेल. राहिलेला खुंट तिसऱ्या कापात काढा, पण खोडाला सपाट नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर गळपट्टा असतो, तो ठेवून. अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शिगो म्हणून संशोधक होते. त्यांनी झाडं उभी चिरून दाखवलं की जखम झाडात भरून येत नाही, झाड तिच्याभोवती भिंती घालून ती बंद करतं. तो गळपट्टा कापलात तर भिंत घालणारी जागाच गेली. शिगोंच्या मते जखमेवर रंग-लेप फासल्यानं कूज थांबत नाही.

नानाकाका_संगमेश्वर
म्हणजे बोर्डो पेस्ट लावायची नाही? दापोलीचे कृषी विद्यापीठवाले लावा म्हणतात, अमेरिकावाले नको म्हणतात, आम्ही करायचं काय?

बागायतदार_देवगड
काका, लावायची. न्यू जर्सीतला पाऊस आणि आपला पाऊस एक नाही. इथे चार महिने साल सुकत नाही. खोडकिड्याची मादी सालीच्या फटीत अंडी घालायला ताजी जखम शोधत असते. मी ३० वर्षं लावतोय: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. ज्या वर्षी मजूर मिळाले नाहीत आणि राहिली, त्या वर्षीच्या जखमा मी तुम्हाला आजही बोट ठेवून दाखवीन.

हडसनकाठचा_आर्बरिस्ट
बागायतदारकाका, तुमच्या हवामानात तुमचा शब्द शेवटचा. शिगोंचं काम बरंचसं थंड मुलखातल्या झाडांवर होतं, आणि बोर्डो हे बुरशीनाशक आहे, नुसता रंग नाही. माझा आग्रह गळपट्ट्यापुरता. वेडावाकडा, गळपट्टा खाल्लेला काप कुठल्याच लेपानं सुधारत नाही.

बागायतदार_देवगड
त्यावर दुमत नाही. बोथट पात्याचा काप बघितलाय का जवळून? कडेची साल दोऱ्या-दोऱ्यांची निघते, लाकूड केसाळ दिसतं. त्यावर पेस्ट ब्रशनं बसत नाही, केसांवर लोंबते आणि पहिल्या पावसाला निघून जाते. मी म्हणून छाटणीवाल्यांना सांगतो, पातं परवडत नसेल तर माझ्याकडून घ्या, पण बोथट पातं माझ्या झाडाला लावू नका.

कुडाळी_माणगा
मधेच घुसतो. आमच्याकडे माणगा बांबू तोडायला छाटणीचं ३ टीपीआय लावलं तर काठी उभी फाटली. कुणी काही सांगेल का?

पेठेतला_लोखंडवाला
बांबूला मोठे दाते नकोतच. भिंत पातळ, तंतू उभे, मोठा दात अडकतो आणि फाडतो. बारीक दाते घ्या, आणि बायमेटलच, कारण बांबूच्या बाहेरच्या सालीत वाळूचा अंश (सिलिका) असतो, तो धार खातो. सागातही असतो. जांभाभाऊंकडची उरलेली १० टीपीआयची पाती यांना पाठवा, दोघांचंही काम होईल.

जांभा
एक अख्खं पाकीट शिल्लक आहे. @कुडाळी_माणगा, खासगी निरोप पाठवतो.

कुडाळी_माणगा
पाठवा! बदल्यात घरचे काजू.

नानाकाका_संगमेश्वर
पात्यांच्या बदल्यात काजू देत असाल तर माझ्याकडे गंजलेली बरीच आहेत.

तारेपासून_लांब
इतकं सगळं वाचलं, एक कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. बागेवरून वीजवाहिनी जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी बाहेरच ठेवा आणि वायरमनला बोलावून लाइन बंद करून घेतल्याशिवाय शेंड्याला हात लावू नका. ओली फांदी वीज वाहून नेते. आमच्या गावात एक तरुण मुलगा असा गेला. हातात साधा आकडा होता, मशीनही नव्हतं.

जांभा
दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडे लाकडी शिडीच आहे. पण लाइन बंद करून घेण्यात आळस झालाय एक-दोनदा. यापुढे होणार नाही.

सायली_एम
पाती घरी धार लावून परत वापरता येतात का?

चढाऊ
कार्बन स्टीलचं मोठ्या दाताचं असेल तर बारीक त्रिकोणी कानशीनं एखाद-दुसऱ्यांदा जमतं. वेळेचा हिशेब केला तर पावसाळ्यात घरी बसून करायचं काम. बायमेटलवर कानस घसरते. कार्बाइडचा विचार सोडा. त्यापेक्षा चीक वेळेवर काढा. पातं बोथट झालंय असं वाटतं तेव्हा निम्म्या वेळा ते फक्त चिकटलेलं असतं.

आणि बॅटरीवर लक्ष ठेवा. नेहमीपेक्षा लवकर उतरायला लागली की पातं गेलं समजा.

बागायतदार_देवगड
फणस कापताना विळीला खोबरेल लावतो तसं पात्याला आधीच खोबरेल लावून बघा. चीक धरत नाही.

जांभा
तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचं ऐकून जे केलं ते लिहितो.

९ इंची, ५ टीपीआय, कार्बन स्टीलची छाटणीची पाती आणली, आणि कुंपणाच्या रांगेसाठी दोन कार्बाइडची. पोरांना बूट टेकवायला शिकवलं. सकाळी खोबरेल, जेवणाच्या सुट्टीत रॉकेलचा बोळा, संध्याकाळी परत एकदा.

अकरा कलमं झाली. साध्या पात्यांतली तीन बोथट झाली, तुटलं एकही नाही. कार्बाइडच्या एका पात्यानं कुंपणाची चार झाडं केली, दोनदा तार लागली, दाते शाबूत आहेत. पण आतल्या झाडांवर तेच लावून बघितलं तेव्हा लोखंडवालादादा म्हणाले तसंच झालं, साधं पातं पुढे गेलं. बॅटरीसुद्धा दिवसाला एक कमी लागते. सगळ्यांत मोठा फरक पात्यानं पडला की बूट टेकवल्यानं, हे मला वेगळं काढता येत नाही. माझा कौल बुटाला.

फांदीचा काप आता तळहात फिरवला तर गुळगुळीत लागतो, गळपट्टा शाबूत, पेस्ट एका हातात बसते. मालकांनी पुढच्या दोन बागा दिल्या.

बागायतदार_देवगड
शाब्बास. बोथट झालेली पाती टाकू नकोस हं. एक पातं पॉलिश पेपरनं घासून पांढरं कर आणि पेस्टच्या बादलीत थोडा वेळ बुडव. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. थर चढेनासा होईपर्यंत चुना घाल. आम्ही यासाठी सुरी किंवा खिळा वापरत होतो, लांब पातं जास्त सोयीचं, बोटं निळी होत नाहीत. बादली मात्र प्लॅस्टिकची.

जांभा
काका, आज करून बघितलं. पहिल्यांदा दातांवर तांबडं आलं. दोन मुठी चुना घातला, पातं घासून परत बुडवलं, तसंच पांढरं बाहेर आलं. आता ते भोक पाडून बादलीच्या कडीलाच बांधून ठेवलंय.